फळ्यावरच्या जोड्या

मी भाषाविज्ञानाकडे वळलो तो आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंमुळे. हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या आठवीच्या तासांशिवाय दुसरं काही सुचलंच नाही.

आमचा वर्ग वरळीसारखाच सरमिसळ होता. बीडीडी चाळीतली कोकणातली नि घाटावरची मुलं, काही तेलुगू घरांतली आणि बरीच कोळीवाड्यातली. कोळीवाड्यातलं कुणी ‘पानी’, ‘डोले’ म्हणालं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर जोड्या लिहिल्या: वेल–वेळ, खान–खाण, पळ–फळ, ताट–थाट. दोन शब्दांत फरक एकाच ध्वनीचा, पण अर्थ पार निराळा. असा अर्थ पालटणारा ध्वनी म्हणजे त्या भाषेचा स्वनिम. हा शब्द मला पुढे कलिन्याला, विद्यापीठात भेटला. कसोटी मात्र शाळेतच हाती आली होती.

मग त्यांनी ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणायला लावलं. जीभ कुठे टेकते ते बघा, म्हणाल्या. ‘माझा’तला झ दातांपाशी, ‘माझी’तला टाळूपाशी. ‘त्याचा–त्याची’चंही तेच. पुढे ई आली की उच्चार टाळूकडे सरकतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जिथे एक येतो तिथे दुसरा येत नाही. असे ध्वनी एकाच स्वनिमाची दोन रूपं मानायची, ही भाषावैज्ञानिकांची दुसरी कसोटी. फळ म्हणताना कुणी दोन्ही ओठ मिटतो, कुणी खालचा ओठ दातांना लावतो, तरी फळ ते फळच राहतं. तोही भेद मोजायचा नाही.

पण मराठी इतकी सरळ नाही, आणि मला ती त्यामुळेच जास्त आवडते. ‘जरा थांब’मधला ज दंत्य. म्हातारपण या अर्थाची संस्कृत ‘जरा’ तालव्य. पुढचा स्वर दोन्हीकडे तोच, लिहिण्यात अक्षरही एकच, तरी उच्चार बदलला की अर्थ बदलतो. म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दांनी, एका ध्वनीची दोन रूपं होती त्यांना स्वतंत्र करून टाकलं. भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि पदरचनेवर प्रबंध सादर केला. त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ज्या शास्त्रावर परदेशी विद्यापीठात प्रबंध होतो, त्याची सुरुवात आम्ही वर्गात केली होती, याचा मला फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

शेवटी बाईंनी विचारलं, ‘षटकोन’ आणि ‘शहाळं’ यांचा पहिला ध्वनी तुमच्यापैकी कोण वेगळा उच्चारतं? कुणीच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना वेगळे ऐकू येतात का? तेही नाही. जे भेद लिपीने सांभाळले, ते आमच्या ‘शुद्ध’ तोंडांतून कधीच गेले होते आणि त्यावर कुणी हसत नव्हतं. कोळीवाड्याच्या बोलीत न–ण आणि ल–ळ एक झाले आहेत, इतकंच. तेही कुठे झाले, कुठे नाही असं नव्हे, नियमाने. ‘वेल झाली’ म्हटल्यावर तिथे कुणी मांडवाकडे बघत नाही. संदर्भ अर्थ लावून देतो. त्या तासानंतर मागच्या बाकांवरचं हसू थांबलं.

शाळेकडे एक मागणं आहे. कोळीवाड्यातल्या आज्या बोलतात ती बोली आता नातवंडांच्या तोंडी कमी ऐकू येते. महोत्सवी वर्षात आठवी-नववीच्या मुलांना फोनवर या आज्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लावा आणि अशा जोड्या शोधायला सांगा. कोणता ध्वनी अर्थ बदलतो, कोणता नाही, हे मुलांनीच ठरवावं. पद्धत शिकवायला मी दर शनिवारी यायला तयार आहे.