तुम्ही विचारलंत म्हणून : फळ्यावरची सतरा जुलै

“बाई, तुम्ही दर वर्षी फळ्यावर रामदासच का लिहायचात?” जुने विद्यार्थी विचारतात, त्यांच्या आया विचारतात. परवा रेवसच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं. तोही माझाच विद्यार्थी निघाला, सातवी ब.

अलिबाग-रेवस रस्त्यावरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. अक्षर बरं म्हणून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातला दिनविशेष पहिल्या वर्षापासून माझ्याच गळ्यात पडला. १७ जुलैला मी लिहायचे : ‘१९४७ – रामदास बोट बुडाली.’ एका वर्षी वरिष्ठांपैकी कुणीतरी म्हणालं, सकाळी सकाळी मुलांपुढे बुडालेली बोट कशाला? डिस्नेलँड लिहा की, त्याच तारखेला उघडलं, १९५५ साली. लिहिलं. रामदासच्या खाली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : रामदास सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. कोकणची लांबची बोट पावसाळ्यात बंद असायची, पण रेवस म्हणजे हाकेच्या अंतरावरचं. दुसऱ्या दिवशीच्या पोळीभाजीचा विचार करत माणसं चढली असतील. काश्याच्या खडकाजवळ वादळानं गाठलं. लाटेनं बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या आणि होडीत माणसं भरली, असं आमच्याकडे अजून सांगतात. त्या दिवसाबद्दल अभिमानानं सांगण्यासारखं एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली. पुढे अठ्ठावीस दिवसांत देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि आमची बोट त्या गर्दीत दुसऱ्यांदा बुडाली. याचा राग कुणावर काढणार? पण राग आहे.

आता माझी चूक सांगते. पहिली कितीतरी वर्षं मी मुलांना ‘तो शनिवार होता’ असं सांगायचे. म्हाताऱ्या माणसांकडून तसंच ऐकलेलं. एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, “बाई, पंधरा ऑगस्ट शुक्रवार होता ना? मग सात-सात दिवस मागे गेलं की अठरा जुलै शुक्रवार येतो. म्हणजे सतरा जुलै गुरुवार.” वर्गात शांतता. मी फळ्यावर मागे मागे मोजलं. गुरुवारच. तेव्हापासून मी आठवणीला मान देते, पण तिची बेरीज स्वतः करून बघते.

आमच्या आजेसासूबाईंना मात्र गुरुवार नको होता नि सतरा जुलैही नको होता. त्यांचा धाकटा भाऊ त्या बोटीत होता. त्यांच्या लेखी ती आषाढातली दिव्यांची अवस. त्या दिवशी घरातलं कुणी मुंबईला निघालं, बोटीनं राहू द्या, एसटीनं निघालं तरी त्या वाटेसाठी भाकरी बांधून द्यायच्या नाहीत. वाद नाही, आकांत नाही. फक्त भाकरी नाही. मी नवी सून. इतिहास शिकलेली, म्हणून त्यांना समजवायला गेले, की तारीख पक्की असते, तिथी हलते. त्या म्हणाल्या, “तुमची तारीख कागदावर असते गो. अवस वर बघितली की दिसते.” त्यांच्या कॅलेंडरला छापखाना लागत नव्हता.

अवस अशुभ म्हणून बोट बुडाली, हे मला कधीच पटलं नाही. अमावास्येला उधाणाची भरती असते हे किनाऱ्यावरच्या पोरालाही कळतं, तेव्हा त्या दिवशी दर्यावर जरा जपून असण्यात शहाणपण आहे. पण दिवसाला दोष देणं म्हणजे माणसांना मोकळं सोडणं. १४ एप्रिल घ्या. १९१२ साली त्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आपटली. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं आणि आग विझवायला गेलेले बंबवाले मेले. मग १४ एप्रिल शापित? त्याच दिवशी १८९१ साली बाबासाहेब जन्मले. आणि १७ जुलैचंच बघायचं तर १७१७ साली थेम्स नदीवर इंग्लंडचा राजा नावेत बसून हँडेलचं नवंकोरं संगीत ऐकत होता. पाणी तेच, तारीख तीच, कुणाच्या पायाला ओल लागली नाही.

मग एका तारखेच्या गोष्टी शेजारी मांडायच्या तरी कशाला? मला एकाच जोडीमुळे त्याचं वेड लागलं.

टायटॅनिकच्या माणसांना वाचवणारी बोट कार्पेथिया. तिचा बिनतारी यंत्र चालवणारा पोरगा झोपायच्या तयारीत होता, पण कानावरचं यंत्र अजून काढलेलं नव्हतं. म्हणून त्याला हाक ऐकू आली. बोट अंधारात, बर्फातून वाट काढत गेली आणि तिनं सातशेच्या वर जीव उचलले. पुढे युद्धात ही कार्पेथिया जर्मन पाणबुडीनं बुडवली, ती १९१८ साली, १७ जुलैला. हे कळलं त्या दिवशी मी खडू हातात घेऊन बराच वेळ उभी होते. कारण रामदासवर बिनतारी यंत्रणा नव्हती. टायटॅनिकनंतर दोन वर्षांत लंडनला देशोदेशीचे लोक बसले आणि होड्या किती हव्यात, बिनतारीवर कान कुणी ठेवायचा याचे नियम लिहिले. पस्तीस वर्षं उलटून गेली तरी ती अक्कल भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचली नव्हती. मुंबईच्या नजरेच्या टप्प्यात माणसं बुडत होती आणि मुंबईला कळायला कित्येक तास गेले. टायटॅनिक आमच्या मुलांना पाठ असते. तिचा जिना कुठे होता, वाद्यं कोण वाजवत होतं, सगळं. काश्याचा खडक कुठे ते विचारा.

त्याच दिवशी, १९१८ च्याच सतरा जुलैला, रशियात झार, त्याची बायको आणि पाच मुलं मारली गेली. कुठलाही दिनविशेष उघडा, झार असतोच. त्याच्याबरोबर त्याचा डॉक्टर आणि तीन नोकरमाणसंही मारली गेली, ती बहुधा गाळलेली असतात. कार्पेथियावर बॉयलरपाशी राबणारे पाच जण गेले, ते तर कुठेच नाहीत. दिनविशेष हा प्रकार मुळात राजांच्या ओळखीनं चालतो, असं माझं मत होतं नि आहे. फळ्याचा कोपरा माझ्या हातात होता तोवर मी त्यात वशिला चालू दिला नाही.

एक बरं उदाहरणही आहे. १९४४ च्या १७ जुलैला अमेरिकेत पोर्ट शिकागोला दारूगोळा चढवताना स्फोट होऊन ३२० माणसं मेली, त्यातली बहुतेक काळी. पुढे तेच काम तसंच करायला नकार देणाऱ्या पन्नास खलाशांना बंडखोर ठरवून शिक्षा झाली. त्यांना निर्दोष जाहीर केलं ते ऐंशी वर्षांनी, मुद्दाम तारीख गाठून, २०२४ च्या १७ जुलैला. उशीर झाला, पण तारखेचा असा उपयोग मला पटतो.

११ नोव्हेंबरचंही सांगायला हवं. पहिलं महायुद्ध थांबलं म्हणून त्या दिवशी अर्धं जग दोन मिनिटं उभं राहतं. १९२७ साली त्याच तारखेला कोकणच्या किनाऱ्यावर जयंती आणि तुकाराम अशा दोन बोटी एकाच वादळात गेल्या. दोन मिनिटांतली पाच सेकंद त्यांना द्यायला काय हरकत आहे?

तिथी हलते असं मी आजेसासूबाईंना सांगितलं होतं खरं, पण एकोणीस वर्षांनी ती फिरून साधारण त्याच तारखेवर येते. २००४ साली आषाढी अमावास्या १७ जुलैला आली. २०२३ सालीही आली आणि दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण लागला, थेट १९४७ सारखाच. मी निवृत्त झालेली, फळा हातात नाही, म्हणून सकाळी रेवसच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिले. अवस सोमवारी आल्यामुळे गटारीवाल्यांनी रविवारीच उरकून घेतलं होतं, त्यामुळे धक्का सामसूम. पाऊस आडवा. पलीकडचं काही दिसत नव्हतं. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली. “बाय, आज अवस. दिवे घासायचे सोडून हितं कं करतंस?”

काही नाही, म्हटलं. छत्री मिटली आणि एसटी पकडली. दिवे खरंच घासायचे राहिले होते.