आभारप्रदर्शनाच्या खुर्चीवरून

गेली कित्येक वर्षे आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात माझ्याकडे एकच काम ठरलेले आहे, ते म्हणजे आभारप्रदर्शन. बेळगावपासून थोड्या अंतरावरच्या, चारी बाजूंनी भाताची शेते असलेल्या या गावात पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, स्वागतगीत होते, प्रास्ताविक प्रमाणाबाहेर लांबते, मग पाहुणे बोलतात, अध्यक्ष त्यांच्याहून जास्त बोलतात, आणि माझी पाळी येते तेव्हा मंडपामागच्या चुलीवरून मसालेभाताचा वास सुटलेला असतो. अशा श्रोत्यांना दोन मिनिटे जागेवर धरून ठेवायचे तर त्यांना हसवण्यावाचून गत्यंतर नाही, हे मला लवकरच उमगले. हसवायचे कसे, हे उमगायला मात्र बरीच वर्षे गेली.

पहिल्या वर्षी मी एका कंजूष सावकाराचा किस्सा आठवडाभर आरशासमोर घोटून पाठ केला होता. ‘आता एक गंमत सांगतो’ अशी दवंडी पिटून मी तो सांगितला, आणि मंडपात अशी शांतता पसरली की भटारखान्यातला झारा वाजलेला ऐकू आला. खाली उतरल्यावर आमच्या आण्णांनी कारण सांगितले. तोच किस्सा पाहुण्यांनी अर्ध्या तासापूर्वी सांगितला होता आणि लोक त्याला पोटभर हसले होते. मी मात्र त्या वेळी माझा किस्सा मनातल्या मनात घोळवत बसलो होतो, त्यामुळे पाहुण्यांचे एक अक्षरही माझ्या कानांत शिरले नव्हते.

तेव्हापासून मी ऐकायला लागलो, आणि पाहायलाही. व्यासपीठावरच्या अगदी कडेच्या खुर्चीवरून वक्त्याची पाठ आणि श्रोत्यांचे चेहरे दिसतात, हा या कामातला खरा लाभ आहे. हसू पहिल्यांदा फुटते ते बायकांच्या बाजूला, तेही पदराआड. मग मागे खांबाला टेकून उभी राहिलेली पोरे मोकळ्या आवाजात हसतात. पुढच्या रांगेतली मंडळी, म्हणजे पंच, माजी पंच आणि सोसायटीचे चेअरमन, आधी अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहतात आणि अध्यक्ष हसले की मगच हसतात. हसू असे फिरत फिरत पुढे येत असल्यामुळे वक्त्याने त्याला वाट द्यावी लागते. जाणता वक्ता अशा वेळी तहान नसतानाही पाण्याचा पेला उचलतो. नवखा वक्ता मात्र तापलेल्या खळ्यावरून अनवाणी पळावे तसा आपल्याच विनोदावरून पळत सुटतो, आणि अध्यक्षांना हसू येते तेव्हा तो बिचारा एखाद्या थोर पुरुषाच्या निधनाविषयी बोलत असतो.

१९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून आमच्या भागात व्यासपीठ आणि गांभीर्य यांचे जणू लग्नच लागले आहे. एरवी पारावर सगळ्यांना हसवणारा माणूसही माइक हाती आला की घसा खाकरतो, ‘आज या ठिकाणी’ म्हणतो आणि दगडासारखा होतो. खरे तर त्याच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे विरोधकांची टोपी उडवत हजारोंच्या सभा जिंकत होते आणि त्यामुळे लढ्याची धार काही बोथट झाली नव्हती. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, हेही आमच्याकडचा प्रत्येक प्रास्ताविककार अभिमानाने सांगतो, आणि पुढचा अर्धा तास असा बोलतो की पु. लं.नी बदली मागून घ्यावी. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलने भरतात, त्यांत परिसंवादाच्या वेळी चहाकडे वळलेली गर्दी कथाकथनाला पुन्हा मंडपात येते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथा सांगून लावलेली ही गोडी असावी. त्यांच्या कथांतली माणसे श्रोत्यांच्या शेजारीच बसलेली असत, त्यामुळे हसू शोधायला लांब जावे लागत नसे.

आमच्याकडे तर भाषाच अर्धे काम करते. एकदा पुण्याहून आलेले पाहुणे प्रत्येक वाक्य ‘हल्ली’ या शब्दाने सुरू करत होते. हल्ली मुले वाचत नाहीत, हल्ली नाती उरली नाहीत. कन्नडमध्ये ‘हल्ली’ म्हणजे पाल. शेजारच्या गावातून आलेली दोन कन्नड पोरे प्रत्येक ‘हल्ली’ला मान वर करून ट्यूबलाइटकडे पाहू लागली, त्यांचे पाहून आमची पोरे पाहू लागली, आणि पाहुण्यांना वाटले की आपल्या विषादावर गाव हसते आहे. कोणीतरी चिठ्ठी पाठवून खुलासा केला. पाहुणे मोठे रसिक निघाले. त्यांनी चिठ्ठी वाचली, छताकडे नीट निरखून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘हल्ली दिसत नाही.’ त्या दिवशी अध्यक्ष बायकांच्याही आधी हसले.

दुसरा शब्द ‘खरं’. आमच्या बोलीत त्याचा अर्थ ‘पण’ असा होतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. एका वक्त्यांनी जेवणाच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारले, ‘भाषण कसं झालं?’ काका म्हणाले, ‘चांगलं झालं, खरं...’ आणि त्यांनी घास तोंडात घातला. वक्ते खुलले, मान डोलावून धन्यवाद म्हणाले. काकांनी घास सावकाश चावून गिळला आणि वाक्य पुरे केले, ‘लई लांब झालं.’ विनोदात कुठे थांबावे याचा इतका अचूक वस्तुपाठ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. उलटवणारा शब्द शेवटी ठेवायचा आणि त्याच्या अलीकडे घासभर वेळ जाऊ द्यायचा, एवढेच त्यात आहे. काकांना ते आपसूक साधले होते, मला अजून कागदावर खूण करून साधावे लागते.

एक पथ्य मी पाळतो. समोर बसलेल्या माणसाच्या उण्यावर बोलायचे नाही, कारण मंडप हसतो तेव्हा तो एकटाच हसत नसतो आणि मला वरून तेवढाच चेहरा दिसत राहतो. थट्टेला कोणी हवेच असेल तर मी स्वतः आहे. गावाला त्यात आनंदही जास्त होतो.

यंदा अध्यक्षांचे भाषण इतके लांबले की मी माइकपुढे उभा राहिलो तोवर मंडपवाल्याच्या पोराने मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली होती. त्या खडखडाटाने सगळे मागे वळून पाहू लागले. माझ्या हातातल्या कागदावर अठरा नावे होती. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, ‘माझे भाषण किती मोठे आहे, हे ज्याला आधीच कळले, त्या मंडपवाल्याचे मी सर्वप्रथम आभार मानतो.’ हसू पदराआडून निघून खांबापाशी गेले, तिथून पुढच्या रांगेत आले. अध्यक्षांना जरा वेळ लागला. तोवर ते पोर लाजले, हातातली सात-आठ खुर्च्यांची चळत त्याने तिथेच खाली ठेवली आणि आभार संपेपर्यंत तिच्यावर, सगळ्यांपेक्षा उंच, बसून राहिले.