बिनदोऱ्याची शिलाई : आमची वाटचाल

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि वडिलांचा साचा पुन्हा काही चालू झाला नाही. घर चाललं ते आईच्या उषा मशीनवर. परकर, साड्यांचं फॉल-बीडिंग, शेजारणींचे ब्लाउज. मीही त्याच पायमशीनवर शिकले, मग आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा ट्रेड केला. त्यामुळे चाळीतल्या खोलीत क्लास काढला तेव्हा वाटलं, शिकवायला काय लागतं! तीन पायमशीनं, आठ मुली.

मापं, ड्राफ्टिंग, मुंढा, उरेब पट्टी, काज-बटण, सगळं शिकवलं. चौघींना धारावीतल्या एका कारखान्यात काम लागलं आणि तिसऱ्या दिवशी चौघी परत आल्या. (त्या दिवसांचे पैसे मालकाने आजवर दिलेले नाहीत.) म्हणाल्या, "ताई, मशीन पळतं, कापड मागे राहतं."

खरंच होतं. पायमशीनचा वेग आपल्या पायात असतो. कारखान्यातली जुकी, म्हणजे मोटरवर चालणारं शिलाई मशीन, मिनिटाला ५,०००पर्यंत टाके घालते. पाय जरा जड पडला की टीप भलतीकडे. शिवाय तिथे अख्खा शर्ट कुणी एकटी शिवत नाही. एक दिवसभर कॉलर लावते, एक बाह्या, एक ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनवर. मी शिकवलं होतं ते घरच्या शिंप्याचं काम.

भिशी उचलली आणि जुनी जुकी आणली. क्लच मोटरची, तिची घरघर ऐकून खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर आले. पुढे पाय दाबला तरच फिरणारी सर्वो मोटर बसवली, आवाज गेला आणि विजेचं बिलही उतरलं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिले आठ दिवस सुईत दोरा नाही. कागदावर रेघा आखायच्या, आधी सरळ, मग कोपरे, मग जिलबीसारखी गोल, आणि त्यावरून मशीन चालवायचं. कागद खिडकीशी उजेडात धरला की भोकं रेघेवर आहेत की नाहीत ते लगेच दिसतं. कागदाने सुई बोथट होते, म्हणून जुन्या सुया त्यासाठीच राखून ठेवते. एका मुलीची आई भांडायलाच आली होती, "फी भरली ती काय कागद टोचायला?"

आता काळाचौकीला गाळा आहे, नऊ मशीनं आहेत, एप्रिल ते जून शाळेच्या गणवेशांची झुंबड असते. क्लासच्या शेवटच्या महिन्यात मुली याच ऑर्डरवर बसतात आणि त्यांना इतर कारागिरांइतकाच पीसरेट, म्हणजे नगामागे मजुरी, मिळतो. शिकाऊ म्हणून फुकट राबवून घेणं मला पटत नाही. चुकलेला पीस मात्र जिचा तिनेच उसवायचा.

चौकशीला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, सर्टिफिकेट सरकारी आहे का? नाही. ते हवं असेल तर आयटीआयला जा, असं मीच सांगते. दोघी गेल्या, वर्ष पुरं केलं आणि जुकीवर हात बसवायला परत आल्या. त्यांनाही आठ दिवस कागदच दिला.