मॅडम, हे आम्हाला येतंय की

मी शिक्षकांचं प्रशिक्षण घेते. त्याच्या पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कुणीतरी ताट घेऊन शेजारी येऊन बसतं आणि विचारतं. सांगली, मिरज, तासगाव, जत, कुठंही. "मॅडम, राग मानू नका, पण आम्ही वीस-वीस वर्षं शिकवतोय. आम्हाला कशाला कागद कापायला आणि पुड्या बांधायला लावता? पद्धत सांगा, पीडीएफ ग्रुपवर टाका, आम्ही घेतो करून वर्गात." परवा एका सरांनी हेच विचारलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहिलं. आता सांगते.

एके काळी हा प्रश्न माझाच होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवताना मीही कितीतरी प्रशिक्षणं 'केली'. म्हणजे दोनदा सही, दोनदा चहा आणि मधे पडद्यावर सरकणाऱ्या चौकटी. 'कृतियुक्त अध्ययन' या विषयावर हाताची घडी घालून सलग दोन तास ऐकलेलं व्याख्यान तर अजून आठवतं.

बेदाण्याचं घ्या. अडीच किलो बेदाण्याचे पाव-पाव किलोचे पुडे किती, असं तासगावकडं कुणालाही विचारा, चालता चालता 'दहा' म्हणून सांगेल. प्रशिक्षणातही सगळे सांगतात. मग मी फळ्यावर लिहिते, ५/२ ÷ १/४. लगेच पेनं निघतात, दुसरा अपूर्णांक उलटा होतो, वीस छेद दोन, दहा. आत्ता तोंडी केलं ते हेच गणित, हे दोघा-तिघांच्याच ध्यानात येतं. उलटा का केला, असं विचारलं की "नियम आहे" आणि पुढं शांतता. त्यानंतर टेबलावर खरे बेदाणे, तराजू आणि रद्दी येते. एका किलोत चार पाव बसतात, मग अडीच किलोत अडीच चोक दहा. उलटा केलेला तो 'चार' म्हणजे एका किलोतले हे चार पुडे. बावीस वर्षं शिकवलेले एक सर पुडा हातात धरून तसेच बसले. मग म्हणाले, "मी पोरांना 'डोळे झाकून उलटा करा' सांगत आलोय की." (बेदाणे चार वाजेपर्यंत संपतात. त्यांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा, यावर मात्र अजून प्रशिक्षण झालेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी हळद. सांगलीत दुसरं काय काढणार? हळदीचा कागद, म्हणजे चुना-सोड्यासारखी आम्लारी लागली की लाल होणारा कागद, पुस्तकात असतो, सगळ्यांनी शिकवलेला असतो, स्वतः केलेला फार थोड्यांनी. पहिल्या वेळी मीच फसले होते. हळद पाण्यात कालवून कागद रंगवले, ते फिक्कट आणि डागाळलेले निघाले. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळतच नाही, त्याला स्पिरिट लागतं. ते मिळालं नाही तर पातळ सॅनिटायझरवरही भागतं; कोरोनानंतर शाळांच्या कपाटांत ते पडूनच होतं.

कागद तयार झाले की चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबू आणि साधं पाणी ठेवते. आधी अंदाज लिहायचा, मग थेंब टाकायचा. चुन्यानं कागद लालभडक झाला की बाया हसतात. कुंकू असंच करायचे, आणि आमटीच्या डागाला साबण लावला की काय होतं हे त्यांना ठाऊक असतं. पुरुष मंडळींना बहुधा तिथंच पहिल्यांदा कळतं. खऱ्या गोंधळाला सुरुवात होते ती खायच्या सोड्यापासून. कागद धड लाल होत नाही, नुसता तपकिरीकडं झुकतो. मग दोन गट भांडतात, "झाला", "नाही झाला". कुणी पुस्तक उघडतं, तर मी ते मिटायला लावते. सोडा वाढवून बघतात, धुण्याच्या सोड्याशी ताडून बघतात, आणि आम्लारी सौम्य असते किंवा तीव्र असते हे वाक्य त्या भांडणातून त्यांचं तेच बाहेर काढतात.

लिंबाचा थेंब टाकल्यावर तर काहीच होत नाही. एक बाई मला हळूच म्हणाल्या, "माझा प्रयोग चुकला वाटतं." चुकला नव्हता. पिवळा कागद पाण्यानंही पिवळा आणि लिंबानंही पिवळाच राहतो. लाल झालेल्या कागदावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा होतो, तेवढंच. म्हणजे आम्ल कुठलं आणि साधं पाणी कुठलं, हे नुसत्या पिवळ्या कागदावरून कळत नाही. हे मी कितीतरी वर्षं शिकवलं, पण कधी मनात आलं नव्हतं, कारण मी कधी थेंबच टाकला नव्हता.

म्हणून करायला लावते, सर. तुम्हाला येत नाही म्हणून नव्हे. 'आता काय होईल बरं' असं तुम्हाला शेवटचं कधी वाटलं होतं, ते आठवून बघा. आणि ही कल्पना काही माझी नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांतून असंच विज्ञान सुरू झालं. शिक्षक आधी स्वतः प्रयोग करायचे आणि मग महिन्याला भेटून काय अडलं ते बोलायचे. तीस वर्षं चालून २००२ साली ते सरकारी हुकमानं बंद झालं. आपल्याकडं केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्याला भरतेच. तिथं माहिती भरायचे तक्ते थोडे कमी करून एक प्रयोग ठेवला तर पैसाही लागणार नाही.

त्या 'प्रयोग चुकला' म्हणणाऱ्या बाईंचा जुलैत फोन आला. त्यांच्या सहावीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मग लिंबू ओळखायचं कशानं?" त्या म्हणाल्या, "मी म्हटलं, चला शोधू या." दुसऱ्या दिवशी पोरांनी दिसेल ते फूल खिशात भरून आणलं. जास्वंदीवर लिंबानं रंग बदलला, झेंडूवर नाही. फोटोत व्हरांड्यात दोरी बांधलेली, तिच्यावर कपड्याच्या चिमट्यांनी लावलेले जास्वंदीचे जांभळट कागद. पाऊस लागून राहिला होता, वाळायला तीन दिवस लागले म्हणे.