तुम्ही विचारलंत म्हणून: गहाण सोडवणारा

जुलूम डोळ्यांदेखत चालू असताना ज्यू माणूस देवाला दिवसातून तीनदा "तू बलवान सोडवणारा आहेस" असं कोणत्या तोंडानं म्हणतो? हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

हे शब्द अमीदातले. पाय जुळवून, यरुशलेमकडे तोंड करून (कोकणातून म्हणजे पश्चिमेला) उभ्यानं म्हणायची ही प्रार्थना. रोजच्या अमीदात 19 आशीर्वचनं असतात आणि सातवं सुटकेचं. आमचे हाल पाहा, आमचा दावा लढ, तुझ्या नावाखातर आम्हाला लवकर सोडव, कारण तू 'गोएल हझाक', म्हणजे बलवान सोडवणारा आहेस. हाल पाहण्याची आणि दावा लढण्याची विनवणी 119 व्या स्तोत्रातून आली आहे, तर बलवान सोडवणारा यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या 50 व्या अध्यायातून. तिथे लोक अजून कैदेत आहेत, पकडणारे त्यांना सोडायला तयार नाहीत, आणि नेमकं त्यानंतर हे नाव येतं. हे उद्गार सुटका झाल्यानंतरचे नाहीत.

'गोएल' हा मुळात हिशेबातला शब्द. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायाप्रमाणे कर्जापायी जमीन गेली, किंवा माणूस स्वतःच विकला गेला, तर ते सोडवण्याचा हक्क भाऊ, चुलता, चुलतभाऊ अशा जवळच्या भाऊबंदाचा. किंमत योबेलच्या, म्हणजे पन्नासाव्या वर्षापर्यंत उरलेल्या वर्षांवर ठरते. योबेलला 20 वर्षं असताना माणूस 50 शेकेलला विकला गेला आणि 8 वर्षं राबला, तर 12 उरली. वर्षाचे अडीच, म्हणून 30 शेकेल मोजून तो सुटतो. गहाण पडलेल्याला सोडवणारा असा हा नातलग. देवाला गोएल म्हणायचं ते याच नात्यानं.

काळाकडेही लक्ष द्या. शमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' ही श्रद्धेची कबुली, म्हटल्यावर येणारं आशीर्वचन 'गाअल इस्राएल' असं संपतं: त्यानं सोडवलं. ते मिसरमधून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेचं, फाटलेल्या समुद्राचं. त्याला लागूनच, मध्ये न बोलता अमीदा सुरू करायची, आणि तिथे शब्द होतो 'गोएल इस्राएल': तो सोडवतो. मध्ययुगातले ज्यू भाष्यकार राशी यांच्या मते ही सातव्या जागेवरची सुटका वनवासाच्या शेवटची नव्हेच, कारण विखुरलेल्यांना गोळा करणं, यरुशलेम, दाविदाचा अंकुर (मशीहा) यांना पुढे वेगळी आशीर्वचनं आहेत. ही रोजच्या संकटांतली सुटका. आमच्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

चुका बहुधा म्हणण्यात होतात. दुःख जड असलं की माणूस इथे वाकतो. पण अमीदात वाकायचं ते पहिल्या आणि 'मोदीम'च्या, म्हणजे आभाराच्या, आशीर्वचनाच्या सुरुवातीला आणि शेवटी, एरवी नाही. इथे ताठ उभं राहायचं. ओठ हलले पाहिजेत, आवाज आपल्याच कानापुरता. स्वतःच्या शब्दांत मागणं घालता येतं, पण आधी ठरलेले शब्द सुरू करून मग. आपलं गाऱ्हाणं आधी लावायचं नाही, लांबवायचंही नाही. उपासाच्या दिवशी हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, याच्यापुढे, आठव्याच्या आधी, 'अनेनू' म्हणजे 'आम्हाला उत्तर दे' हे जोडतो.

मोठी चूक मात्र हात बांधून बसण्याची. कैद्यांना सोडवण्याइतकी मोठी आज्ञा नाही, असं मध्ययुगातले ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदेस लिहितात. गोएल म्हणजे भाऊबंद, तर ते काम भाऊबंदांवरही येतं. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत सभास्थान उभारलं, असं बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजात, सांगतात. त्याचं नाव शआर हारहमीम, दयेचं दार.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, हे आशीर्वचन म्हणत नाहीत. त्या दिवशी मागणी नसते, अमीदा 7 आशीर्वचनांची होते. शनिवारी रात्री तारे दिसले की अर्वीतला, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेत, ते पुन्हा तोंडी येतं.