शून्य सावलीची पंधरा मिनिटे

आमच्या अद्‌भुतरम्य मालिकेतल्या यक्षाला सावली नाही, हे लेखकाने पहिल्या पर्वात एका ओळीत लिहून टाकले आणि कार्यकारी निर्माती या नात्याने त्या एका ओळीचा खर्च मी पर्वभर सोसला. दूरचित्रवाणीच्या एका सेकंदात २५ चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात, म्हणजे यक्ष पडद्यावर चार सेकंद दिसला तरी शंभर चौकटींतून त्याची सावली पुसावी लागते. कॅमेरा स्थिर असेल तर काम सोपे, कारण त्याच जागेचे पात्रांविना घेतलेले चित्रण, ज्याला आम्ही क्लीन प्लेट म्हणतो, ते सावलीच्या जागी बसवता येते. पण कॅमेरा ट्रॉलीवरून फिरत असला, किंवा सावली समोरच्या बाईच्या लुगड्याच्या निऱ्यांवर पडत असली, की व्हीएफएक्सची, म्हणजे संगणकावर दृश्यात फेरफार करणारी, मुले एकेक चौकट रंगवत बसतात आणि महिनाअखेरीस बिल माझ्या टेबलावर येते.

त्यामुळे दुसऱ्या पर्वाचे वेळापत्रक आखताना शून्य सावली दिवस आठवला तेव्हा स्वतःच्या हुशारीचे मला फार कौतुक वाटले. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा. उत्तरेकडे जाताना मेच्या मध्यावर आणि परतताना जुलैच्या अखेरीस सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढगांमुळे उन्हाचा भरवसा नाही, म्हणून १३ मे ठरला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे इथला खरा मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास होतो. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो आणि एका अंशाने पावणेसहा फुटी माणसाची सावली जेमतेम तीन सेंटिमीटर लांबते. म्हणजे आगेमागे मिळून पंधरा मिनिटे आमची.

कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा चौक एका दिवसापुरता मिळाला. (पुण्यात चित्रीकरणाला वाडा मिळणे ही स्वतंत्र अद्‌भुतकथा आहे.) प्रसंग असा होता की यक्षाने वैद्याच्या मुलीच्या नवऱ्याचे रूप घेतले आहे, दोघे चौकात शेजारी उभे आहेत आणि तिने खरा ओळखायचा आहे. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, आधी डावीकडे नवरा म्हणून चित्रण, मग उजवीकडे यक्ष म्हणून, आणि दोन्ही अर्ध्या बाजू संकलनात जोडायच्या. उघडे अंग, खांद्यावर उपरणे आणि गळ्यात मोगऱ्याची माळ असा दोघांचा वेश सारखाच असल्याने कपडे बदलण्यात वेळ जाणार नव्हता.

सकाळी अकराच्या सुमारास आमचे लाइटवाले दादा थर्माकोलचे तुकडे कॅमेऱ्याच्या चौकटीखाली मांडत होते. सूर्य थेट डोक्यावर आला की माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या दिसतात, म्हणून खालून उजेड परतवावा लागतो. ते करता करता, मान वर न काढता, त्यांनी विचारले, “ताई, बारा एकतीसला यक्षाची सावली जाणार हे कळलं. पण मग नवऱ्याची पण जाणारच की. ती पोरगी ओळखणार कशावरून?”

कोणीच काही बोलले नाही. तीन आठवडे मी हिशेब करत होते, दिग्दर्शकाने तो तपासला होता, वाहिनीच्या बैठकीत त्याचे कौतुक झाले होते, आणि सावली सगळ्यांचीच जाते ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती. मी फक्त यक्षाच्या पायांशी पाहत होते, कारण पैसे तिथे खर्च होत होते.

लेखक सेटवरच होते ही कृपा. त्यांनी यक्षाचे हे लक्षण मुळात महाभारतातल्या नलोपाख्यानावरून घेतले होते. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचे रूप घेऊन बसतात, तेव्हा देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि सावली पडत नाही, या खुणांवरून ती नळाला ओळखते. लेखक म्हणाले, सावलीवर विसंबलेल्या मुलीची ती खूणच भर दुपारी नाहीशी होऊ दे, प्रसंग तोच. आता उरलेल्या खुणांतून एक निवडायची होती. घामाचा उपयोग नव्हता, कारण त्या उन्हात दोन्ही भूमिकांना सारखाच घाम येणार होता. पापणी न लववता कोणी वर पाहू शकत नव्हते. पाय अधांतरी ठेवायचे तर केबल बांधायला अर्धा दिवस हवा. उरली माळ.

पहाटे मार्केट यार्डातल्या फुलबाजारातून आणलेल्या माळा ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्यातली एक नवऱ्यासाठी काढून आम्ही चौकातल्या तापलेल्या फरशीवर पसरली. तासाभरात पाकळ्यांच्या कडा चहाच्या रंगावर गेल्या, फुले आक्रसली आणि मधला दोरा दिसू लागला. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत सगळे तपशील सारखे राहणे, सांभाळणारी मुलगी दर दहा मिनिटांनी येऊन, फोटो काढून जात होती. एरवी फुले सुकू नयेत म्हणून आमच्या मागे लागणारी ती, आज ती नीट सुकत आहेत ना हे पाहत होती.

१२ वाजून २४ मिनिटांनी नवऱ्याचे चित्रण सुरू झाले आणि दुसऱ्या टेकला जमले. मग नटाचे अंग टिपून, पेटीतली गार माळ त्याच्या गळ्यात घालून त्याला उजवीकडे उभे केले. तुळशीवृंदावनाची सावली वृंदावनाच्याच पायाशी गोळा झाली होती. नायिकेने आधी दोघांच्या पायांकडे पाहिले, गोंधळून पुन्हा पाहिले, आणि मग नजर हळूहळू वर नेत माळेवर आणली. पटकथेत ते “गोंधळून पुन्हा” नव्हते, ते तिचे.

१२ वाजून ३८ मिनिटांनी दिग्दर्शकाने ओके म्हटले. क्लीन प्लेट घेतली. तेवढ्यात कंटिन्युइटीची मुलगी मॉनिटरवरून न उठता म्हणाली, “मॅडम, हे बघा.”

उघड्या अंगावर छोटा माइक लपवता येत नाही, म्हणून आवाज बूमवर, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावून पात्रांच्या डोक्यावर धरलेल्या माइकवर, घेतला होता. बूमवाला एरवी सावली चौकटीबाहेर पडेल अशा बाजूला उभा राहतो. त्या पंधरा मिनिटांत अशी बाजूच नव्हती. यक्षाच्या पुढ्यात, फरशीवर, केसाळ माइकची छोटी सावली लुटूलुटू हलत होती. पुन्हा घ्यायला सूर्य थांबणार नव्हता आणि वाडा दुसऱ्या दिवशी आमचा नव्हता.

बिल जूनमध्ये आले. तपशिलाच्या रकान्यात लिहिले होते: सावली पुसणे, चौकटी ७५.