क्रोमियमचा बिल्ड आणि पाच ओळींची आर्ग्ज फाइल

एका मराठी संकेतस्थळावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटत होते. त्याच फाँटमधलं माझं दुसरं पान मात्र पाकळीचा ल आणि देठाचा श व्यवस्थित दाखवत होतं. फाँटमध्ये मराठीसाठी वेगळी रूपं ठेवलेली असतात, आणि पानाची भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) आहे असं लिहिलं की ब्राउझर ती रूपं मागवतो, इतकं मला ठाऊक होतं. ही भाषेची खूण ब्राउझरच्या आतून हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीपर्यंत कशी पोचते, ते मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. त्यासाठी क्रोमियम (ज्यावर क्रोम ब्राउझर उभा आहे तो खुला ब्राउझर) स्वतः बिल्ड करून, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करून, डीबगरखाली (चालू प्रोग्रॅम थांबवून आत पाहू देणाऱ्या साधनाखाली) चालवायचं ठरवलं.

क्रोमियमचा सोर्स प्रचंड आहे. अधिकृत सूचनांमध्येच किमान ८ जीबी रॅम, शक्यतो १६ जीबीहून जास्त, आणि डिस्कवर १०० जीबीच्या वर मोकळी जागा सांगितलेली आहे. माझा घरचा लिनक्स संगणक या हिशोबात कसाबसा बसणारा. अशा यंत्रावर बिल्ड पुरा होईल की लिंकिंगच्या (तयार तुकडे जोडण्याच्या) वेळी मेमरी संपून बंद पडेल, हे मुख्यतः बिल्ड आर्ग्युमेंट्सवर, म्हणजे बिल्डला दिलेल्या पर्यायांवर ठरतं. डेपो टूल्स (क्रोमियमचा सोर्स उतरवण्याची आणि बिल्डची साधनं) बसवणं, रात्रभर सोर्स उतरवणं हे सगळं सूचनांप्रमाणे झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. (पुढे आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.)

क्रोमियममध्ये दोन साधनं एकामागोमाग काम करतात. जीएन, म्हणजे 'जनरेट निंजा', हे साधन बिल्डचं वर्णन वाचतं आणि निंजासाठी फाइली लिहून देतं. मग निंजा त्या फाइलींप्रमाणे कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालवतो. (आता क्रोमियमने निंजाच्या जागी सिसो हे साधन घेतलं आहे, तेही याच फाइली वाचतं.) निंजाला निर्णय घ्यायचे नसतात, ते सगळे जीएनच्या टप्प्यावर होऊन गेलेले असतात. हे निर्णय आपण 'आर्ग्ज.जीएन' नावाच्या छोट्या मजकूर फाइलीत लिहितो. 'जीएन आर्ग्ज आउट/शेपिंग' अशी आज्ञा दिली की एडिटर उघडतो. त्यात ओळी लिहून सेव्ह केलं आणि बाहेर पडलं की जीएन लगेच निंजाच्या फाइली नव्याने तयार करतो. 'आउट/शेपिंग' हे फोल्डरचं नाव मी निवडलेलं, कोणतंही चालतं.

आता त्या रिकाम्या एडिटरमध्ये काय लिहायचं? इंटरनेटवर लोकांच्या तयार याद्या भरपूर सापडतात. त्यातल्या काही पंधरा-वीस ओळींच्या असतात आणि त्यांत जुन्या काळातले अवशेषही असतात. उदाहरणार्थ 'यूज_गोमा'. गोमा ही गूगलची अनेक यंत्रांवर कंपाइल करून देणारी सेवा होती, ती केव्हाच निवृत्त झाली. असं नाव फाइलीत राहिलं तरी जीएन थांबत नाही. हे आर्ग्युमेंट कोणत्याही बिल्ड फाइलीतल्या 'डिक्लेअर_आर्ग्ज' भागात आढळलं नाही, म्हणून त्याचा काही परिणाम होणार नाही, अशी चेतावणी देऊन तो पुढे जातो. नावात एक अक्षर चुकलं तरी हेच होतं. म्हणून जीएनची चेतावणी वाचल्याशिवाय पुढे निंजा सुरू करायचा नाही हा मी स्वतःसाठी पक्का नियम केला. बिल्डला तास लागतात आणि ती चेतावणी काही सेकंदांत वर सरकून जाते.

तयार यादी बाजूला ठेवून मी 'जीएन आर्ग्ज आउट/शेपिंग --लिस्ट' चालवलं आणि निघालेला मजकूर एका फाइलीत साठवून निवांत वाचला. मला या साधनाबद्दल खरी आपुलकी वाटू लागली ती इथे. प्रत्येक आर्ग्युमेंटची सध्याची किंमत, ती कुठून आली, ते कोणत्या फाइलीत कितव्या ओळीवर जाहीर केलं आहे आणि लिहिणाऱ्याने त्यावर काय टीप दिली आहे, असं सगळं एकत्र मिळतं. आपण किंमत बदलली असेल तर मूळ किंमतही शेजारी दिसते. एकच आर्ग्युमेंट पाहायचं असेल तर 'लिस्ट'पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्याचं नाव द्यायचं. इतकं प्रामाणिक दस्तऐवजीकरण फार थोड्या साधनांत पाहिलंय, कारण ते वेगळं कुणी लिहीत नाही, ते थेट सोर्समधल्या टिपांतून येतं आणि म्हणून शिळं होत नाही.

यादी वाचताना लक्षात आलं की मूळ किमती एकमेकांवर टेकलेल्या आहेत. 'इज_ऑफिशियल_बिल्ड' (प्रकाशनासाठीचा बिल्ड) मुळात फॉल्स असतं, आणि 'इज_डीबग'ची मूळ किंमत त्याच्या उलट, म्हणजे ट्रू. 'इज_कंपोनंट_बिल्ड' पुन्हा 'इज_डीबग'वरून ठरतं. म्हणजे एक किंमत बदलली की तिच्यामागे इतर हलतात. 'इज_ऑफिशियल_बिल्ड' आणि 'इज_डीबग' दोन्ही ट्रू केली तर जीएन स्पष्ट नकार देतो, कारण तशी अट बिल्डच्या मुख्य फाइलीतच लिहिलेली आहे. ही साखळी कळली की फाइलीत फार कमी ओळी पुरतात.

माझ्या फाइलीत शेवटी पाचच ओळी राहिल्या. पहिली 'इज_डीबग = ट्रू'. मूळ किंमत तीच असली तरी मी ती लिहून ठेवली, कारण सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर हेतू दिसला पाहिजे. डीबग बिल्डमध्ये कंपायलर कोडची फारशी उलथापालथ करत नाही, त्यामुळे डीबगरमध्ये चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) किमती जागेवर सापडतात. याच ओळीमुळे कंपोनंट बिल्डही आपोआप मिळतो. एकच अवाढव्य फाइल जोडण्याऐवजी पुष्कळ छोट्या शेअर्ड लायब्ररी तयार होतात. एका फाइलीत बदल केला तर तेवढीच लायब्ररी पुन्हा जोडायची. कमी मेमरीच्या यंत्रावर याचा फरक फार मोठा आहे. ब्राउझर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, ते चालतं.

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचायच्या. 'सिम्बॉल_लेव्हल = १' आणि 'ब्लिंक_सिम्बॉल_लेव्हल = २'. सिम्बॉल म्हणजे डीबगरसाठी ठेवलेली माहिती. शून्यावर ती नसते, एकवर फंक्शनची नावं आणि ओळी कळण्यापुरती असते, दोनवर चलं आणि प्रकारांसकट पूर्ण. सगळ्या क्रोमियमसाठी दोन ठेवलं तर डिस्क भरभरून जाते आणि लिंकर मेमरी खातो. मला पूर्ण माहिती हवी होती ती फक्त ब्लिंकची, म्हणजे पान मांडणाऱ्या इंजिनाची. अशी वेगळी सोय आहे हे मला '--लिस्ट' वाचूनच कळलं. इथे एक मर्यादा सांगायला हवी: हार्फबझ ब्लिंकच्या बाहेर, 'थर्ड_पार्टी' या बाहेरच्या प्रकल्पांच्या फोल्डरमध्ये वेगळी राहते, त्यामुळे ब्लिंकची किंमत तिला लागू होत नाही. ब्लिंकच्या सीमेपर्यंत चलं दिसतात, पुढे फंक्शनची नावं आणि ओळी. माझ्या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं.

चौथी ओळ 'व्ही८_सिम्बॉल_लेव्हल = ०', कारण जावास्क्रिप्टच्या इंजिनात मला शिरायचंच नव्हतं. पाचवी 'सीसी_रॅपर = "सीकॅश"'. ब्रँच (सोर्सची शाखा) बदलून परत आलं की फाइलींच्या वेळा बदलतात आणि निंजा त्या पुन्हा कंपाइल करायला घेतो. सीकॅश त्या आधीच्या निकालातून उचलून देतो.

या शेवटच्या ओळीतली अवतरणचिन्हं महत्त्वाची आहेत. जीएनमध्ये मजकुराच्या किमती दुहेरी अवतरणात लागतात, ट्रू-फॉल्स आणि आकडे तसेच लिहायचे. एडिटरमध्ये लिहिताना अडचण येत नाही. पण 'जीएन जेन'ला (एडिटर न उघडता निंजाच्या फाइली तयार करणाऱ्या आज्ञेला) '--आर्ग्ज' जोडून सगळं एका ओळीत द्यायचं असेल तर शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, आधी ती अवतरणं गिळून टाकतो. बॅश या शेलमध्ये पूर्ण मजकूर एकेरी अवतरणात ठेवला की आतली दुहेरी चिन्हं शाबूत राहतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर प्रत्येक आतल्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. शिवाय '--आर्ग्ज' आधीच्या फाइलीत भर घालत नाही, ती फाइल पूर्ण बदलून टाकतो. एक आर्ग्युमेंट वाढवायचं म्हणून हा मार्ग घेतला तर बाकीच्या ओळी जातात. हाताने काम करताना एडिटर बरा, '--आर्ग्ज' स्क्रिप्टसाठी ठेवावा.

पूर्ण ब्राउझरऐवजी मी 'कंटेंट_शेल' हे छोटं लक्ष्य बिल्ड केलं. पान दाखवण्यापुरतं त्यात सगळं असतं. तयार झाल्यावर 'हार्फबझ_शेपर' फाइलीत, जिथे बफरला (जुळणीसाठी ठेवलेल्या मजकुराला) भाषा दिली जाते तिथे, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्याची खूण) लावला. माझ्या पानावर तिथे 'एमआर' आलं. त्या संकेतस्थळाच्या पानावर 'एचआय' आलं. पानाच्या साच्यात वरच भाषा हिंदी लिहिलेली होती. ब्राउझर, हार्फबझ आणि फाँट तिघेही दिलेली भाषा इमानाने पाळत होते. मी संकेतस्थळ चालवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी साचा दुरुस्त केला, आणि आता तिथला ल आपला वाटतो.

नंतर मोठ्या मराठी मजकुराची मांडणी किती वेगाने होते हे मोजावंसं वाटलं. त्यासाठी 'शेपिंग' फोल्डरला हात लावला नाही. 'इज_डीबग' बदललं की जवळपास प्रत्येक फाइलीची कंपाइल आज्ञा बदलते आणि निंजा सगळंच नव्याने करतो. म्हणून 'आउट/वेग' असं दुसरं फोल्डर केलं, त्यात 'इज_डीबग = फॉल्स'. इथेही एक बारकावा आहे: ऑफिशियल नसलेल्या बिल्डमध्ये डीबग बंद केलं तरी 'डीचेक' तपासण्या (प्रोग्रॅम चालताना कोडमधली गृहीतकं पडताळणाऱ्या) चालूच राहतात. मोजमाप खरं हवं तर 'डीचेक_ऑलवेज_ऑन = फॉल्स' स्वतंत्र लिहावं लागतं. ते न लिहिता घेतलेल्या वेगाच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही, कुणीही दिले तरी.

बहुतेक मराठी वाचक फोनवर वाचतात, म्हणून पुढचं फोल्डर अँड्रॉइडसाठी आहे. त्यात 'टार्गेट_ओएस = "अँड्रॉइड"' आणि 'टार्गेट_सीपीयू = "आर्म६४"'. पण फक्त आर्ग्युमेंट लिहून भागत नाही. सोर्सच्या वरच्या फोल्डरमधल्या '.जीक्लायंट' फाइलीतही 'टार्गेट_ओएस' असतं, आणि तिथे ते चौकोनी कंसातल्या यादीच्या रूपात लिहायचं. ते अँड्रॉइडचा जादा सोर्स उतरवण्यासाठी, आणि जीएनमधलं बिल्डसाठी. आधी तिथे भर घालून 'जीक्लायंट सिंक' करायचं, मगच 'जीएन आर्ग्ज'. माझं सिंक सध्या चालू आहे.